भाच्याचं पहिलं रिमिक्स : काय सांगू, किती सांगू?

नीरेकाठी (मंगळवार, रात्री ९:१०)

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे.

माझा भाचा साताऱ्याला असतो. दहावीची परीक्षा संपली आणि सुट्टीत त्याने वडिलांच्या लॅपटॉपवर एलएमएमएस नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून गाणी करायला घेतली. काल रात्री पहिलं पूर्ण झालेलं गाणं पाठवलं. टेट्रिस या ठोकळे रचून ओळी पूर्ण करायच्या व्हिडिओ गेमची धून, गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरची, ती जी ऐकल्यावर सगळे 'अरे हो, हीच!' म्हणतात. तिचं त्याने नाचायला लावण्यासारखं रिमिक्स केलं आहे. लांबी ३ मिनिटं ४८ सेकंद. खाली एवढंच : 'मावशी, खरं खरं सांग.'

मी दहा वर्षं सुगम संगीत शिकले, सूर-ताल कळतो. पण या प्रकारातलं मला फार कळत नाही. तीनदा ऐकलं, दोनदा इअरफोनवर आणि एकदा फोनच्या स्पीकरवर. सुरुवातीला चाळीसेक सेकंद नुसता ठोका आहे. ०:४४ ला धून येते आणि अंगावर काटा येतो, हे मनापासून सांगते. मग ०:५८ ला सगळं एकदम सुरू होतं आणि तिथे आवाज फाटतो. खर्ज आणि ठोका मिसळून नुसती घरघर ऐकू येते. १:३८ ला लाकडावर काहीतरी आपटल्यासारखा 'टक्' असा आवाज चार वेळा येतो, तो कशाचा ते कळत नाही. शेवट तर कात्रीने कापल्यासारखा.

आता प्रश्न असा की यातलं किती सांगू? सगळं सांगितलं तर हिरमुसेल. 'छान झालंय रे' म्हणून सोडलं तर तो खरं सांग म्हणाला होता, आणि त्याला कळेल की मी सोडलं. त्याला विचारून लिंक दिली आहे. इथे आवाजाच्या धंद्यातले लोक आहेत म्हणून विचारते आहे.

अर्धा_कटिंग (९:२६)

ऐकलं. ०:४४ ला धून आली तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. बाकी काही सांगायच्या आधी हे सांगा त्याला.

लाल_मीटर (१०:०२)

मुंबईत साउंड मिक्सिंगचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. दोनदा ऐकलं, दुसऱ्यांदा कागद घेऊन.

आवाज फाटतो कारण मास्टरला (सगळे आवाज एकत्र होतात त्या शेवटच्या चॅनेलला) लाल दिवा लागलेला आहे आणि त्याने तो पाहिलेला नाही. नवखा माणूस प्रत्येक नवा आवाज जुन्यापेक्षा थोडा मोठा ठेवतो, म्हणजे तो ऐकू यावा. दहा आवाज झाले की वरचं टोक कापलं जाणारच. मास्टरवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारा इफेक्ट) लावून हे झाकता येतं, पण त्याला लिमिटर सांगू नका. सगळे फेडर (प्रत्येक आवाज लहान-मोठा करायच्या पट्ट्या) एकदम खाली आणायला सांगा, मग ठोका आधी वर आणायचा आणि बाकीचे त्याच्या मागून एकेक करून. मोठा आवाज हवा असेल तर ऐकणाऱ्याने व्हॉल्यूम वाढवावा. तसंही स्पॉटिफायसारख्या ठिकाणी सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणूनच वाजवतात, तेव्हा ठासून भरण्याचा काही फायदा नाही.

घरघर वेगळ्या कारणाने आहे. त्याचा खर्ज ए या पाश्चात्त्य सुरावर आहे, खालचा ए, म्हणजे ५५ हर्ट्झ. त्याच्या किकचा (ढोलाच्या जड ठोक्याचा) गाभाही साधारण तिथेच आहे. एका दारातून दोघं एकदम बाहेर पडायला बघतात. किक वाजेल तेव्हा खर्जाने क्षणभर मागे सरायला हवं. याला साइडचेन म्हणतात. शिवाय त्याने पूर्ण मास्टरवर रिव्हर्ब (घुमारा) टाकलाय, म्हणजे खर्जालाही. खर्जाला रिव्हर्ब दिला की चिखल होतो.

मुख्य सूर ज्या आवाजात आहे तो एलएमएमएसमधलंच ट्रिपल ऑसिलेटर नावाचं वाद्य आहे, न बदललेला, जसा उघडतो तसा. सगळ्या नोटा एकाच जोराच्या आहेत. टेम्पो १४०. हा एलएमएमएस उघडल्यावर आपोआप येणारा आकडा आहे, त्याला हातच लावलेला नाही.

१:३८ चा आवाज काढून टाकावा. चुकून राहिलेला सॅम्पल (रेकॉर्ड केलेला तुकडा) दिसतोय.

कोयनेचा_पाऊस (१०:१५)

लाल_मीटर, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असेल. पण हे सगळं एका दमात सांगितलंत तर पोरगा लॅपटॉप मिटून क्रिकेट खेळायला जाईल.

लाल_मीटर (१०:२१)

मग क्रिकेट खेळू दे. पंधरा वर्षांच्या मुलाने 'खरं खरं सांग' म्हटलं असेल तर त्याला मोठ्या माणसासारखं उत्तर मिळायला हवं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिली दोन वर्षं मी फाटके मिक्स लोकांना ऐकवत फिरलो आणि सगळे 'मस्त, मस्त' म्हणत राहिले. ज्या दिवशी एका स्टुडिओत एका ज्येष्ठाने सांगितलं त्या दिवशी राग आला तो त्यांचा नाही, त्या 'मस्त' म्हणणाऱ्यांचा.

ठेका_दादरा (१०:४०)

मी सांगलीला तबला शिकवतो, बावीस वर्षं झाली. माझ्याकडे सात वर्षांची मुलं येतात आणि सत्तरीचे निवृत्तही येतात.

आमचे गुरुजी एका बैठकीत एकच चूक सांगायचे. 'धा' उघडा वाजत नसेल तर त्या दिवशी फक्त 'धा'. बोटं वाकडी, बसणं वाकडं, लय पळते, सगळं त्यांना दिसायचं, बोलायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, तुझा हात एका वेळी एकच गोष्ट ऐकतो. मला तेव्हा पटलं नव्हतं. आता शिकवताना रोज पटतं.

ताई, यादी तुमच्याकडे ठेवा. त्याला एक सांगा. ती त्याने सुधारून आणली की दुसरी.

मोगरा_आणि_मफलर (१०:५२)

ठेका_दादरा +१

पण ती एक कोणती? धाग्याचा खरा प्रश्न मला हाच वाटतो.

लाल_मीटर (१०:५८)

फेडर. निःसंशय. फाटका आवाज गेला की बाकीचं त्यालाच ऐकू येईल. आत्ता त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाहीये.

ठेका_दादरा (११:०४)

हे मात्र पटलं.

वैदेही_डब्लिन (बुधवार, पहाटे ३:२०)

इथे उशिरा पोचले, माझ्याकडे अजून रात्रच आहे.

व्हिडिओ गेमच्या संगीताची रिमिक्सं जमा करणारी ओव्हरक्लॉक्ड रिमिक्स नावाची साइट १९९९ पासून चालू आहे. डेव्हिड लॉइड या माणसाने सुरू केली आणि तिथलं सगळं फुकट ऐकायला मिळतं. तिथे आलेली बरीच कामं परीक्षकांकडे जातात आणि त्यांचे निर्णय, होकार असो की नकार, सगळ्यांना वाचता येतात. मी स्वतः संगीत करत नाही, पण ते नकार वाचायला मला फार आवडायचं. कॉलेजात असताना अक्षरशः रात्र रात्र वाचलेत.

त्यात दोन गोष्टी मला शिकण्यासारख्या वाटल्या. एक म्हणजे ते मिनिट-सेकंद लिहून बोलतात. मूळ धून कुठून कुठपर्यंत ऐकू येते, कुठे लपते, हे सेकंदांसकट. 'मध्येच कंटाळवाणं वाटलं' असं म्हणत नाहीत, '१:१० ते १:५० काहीच बदलत नाही' असं म्हणतात. दुसरं म्हणजे नकाराचे दोन प्रकार असतात. एक नुसता नकार, आणि एक 'सुधारून परत पाठव' असा नकार. हा दुसरा मिळालेल्या माणसाला माहीत असतं की दार उघडं आहे.

नीरेकाठी, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये ०:४४, ०:५८, १:३८ लिहिलंत. तुम्हाला अभिप्राय देता येत नाही असं तुम्हाला का वाटतं?

अर्धा_कटिंग (सकाळी ८:०५)

वैदेहीताई, शेवटचं वाक्य आवडलं.

पेटीवाला_आजरा (८:३१)

सगळे आवाजाबद्दल बोलताहेत, धुनेबद्दल कुणीच नाही. म्हणून पेटी काढून बसलो.

ए ला सा धरा. पहिला भाग : प रे ग म, ग रे सा, सा ग प, म ग रे, ग म प, ग सा सा. ग कोमल. दुसरा भाग : म ध सां, नि ध प, ग प, म ग रे, रे ग म प, ग सा सा. ध आणि नि कोमल. म्हणजे आसावरी थाटाची अंगं. पहिला भाग जमिनीवर चालतो आणि दुसऱ्यात ती म वरून एकदम तार षड्जाला हात लावून येते. या धुनेचा सगळा जीव त्या 'म ध सां' मध्ये आहे.

आणि पोराने दुसरा भाग घेतलेलाच नाही! पहिलाच भाग आठ वेळा. तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत तार षड्ज एकदाही येत नाही. म्हणून मधे ते गोल गोल फिरल्यासारखं वाटतं. ठोका बदलून, फिल्टर लावून ते जाणार नाही.

नीरेकाठी (८:४४)

पेटीवाला, कमाल केलीत. तीनदा ऐकूनही मला हे जाणवलं नाही. काहीतरी अडतंय एवढंच वाटत होतं.

सी_मायनर (९:१२)

पेटीवाला यांना जोड. मूळ गेमबॉयच्या मांडणीत खर्ज स्थिर नाही. पहिला चरण ई वर, दुसरा ए वर, मग तिसऱ्यात जी शार्प. या भाच्याने सगळीकडे ए धरून ठेवलाय. त्यामुळे पहिल्या चरणात धून आणि खर्ज एकमेकांना लागत नाहीत. कॉर्ड बदलायला सांगा.

पेटीवाला_आजरा (९:२०)

इथे मात्र माझं वेगळं मत. मला ते लागत नाही असं वाटलंच नाही. खाली सा धरला आहे, तंबोऱ्यासारखा, आणि वर धून फिरते. आपल्या कानाला ते घरचं वाटतं. मुद्दाम केलं नसेल, पण चुकीचं म्हणू नये.

सी_मायनर (९:२७)

तंबोरा धरायचा तर धरा, पण मग त्या शुद्ध निषादाची, जी शार्पची, ओढ जाते. सा कडे परत येण्याची घाई त्या एका सुरात असते. ती घालवून मिळवलं काय?

पेटीवाला_आजरा (९:३५)

शांतपणा मिळवला. नाचाच्या गाण्यात शांतपणा हवा की नको, ते त्याला ठरवू द्या.

मोगरा_आणि_मफलर (९:४१)

तुम्हा दोघांचं हे त्याला ऐकवाच. पण 'हे चूक' म्हणून नका ऐकवू. दोन मोठी माणसं त्याच्या खर्जावरून भांडताहेत, हे त्याला कळू दे!

गावठी_गेमर (१०:०८)

अवांतर. टेट्रिस म्हटलं की आमच्या पिढीला गेमबॉय आठवत नाही, ब्रिक गेम आठवतो. जत्रेत मिळायचा तो, '९९९९ इन १' लिहिलेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. गेम खरे सात-आठच, बाकी तेच वेगळ्या वेगाने. गाणंबिणं नाही, पीं पीं पीं. आई म्हणायची आवाज बंद कर, आणि आवाज बंद केला की खेळ अर्धा मेला.

कोयनेचा_पाऊस (१०:१४)

आणि टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम, पिवळी कॅसेट! चालली नाही की कॅसेटमध्ये फुंकर मारायची. शेजारचा दादा तर आधी शर्टाला पुसायचा आणि मग फुंकायचा, पूजेसारखं.

गावठी_गेमर (१०:१७)

फुंकरीने काही होत नाही म्हणतात. काढून परत बसवल्यामुळेच चालायची. पण फुंकर चुकवायची हिंमत कुणाची होती?

चार_कंठ (११:०५)

अवांतरातून परत येतो, पण त्याच वाटेने.

गेमबॉयमध्ये आवाजाचे चारच कंठ होते. दोन पल्स, एक वेव्ह, एक नॉइज. नॉइजवर ढोल-झांजा, वेव्हवर बहुतेक वेळा खर्ज, आणि धून व तिची साथ दोन पल्सवर. एका कंठातून एका वेळी एकच सूर. कॉर्ड हवा असेल तर तीन सूर इतक्या भरभर एकामागून एक वाजवायचे की कानाला ते एकत्र वाटतात. तो जो थरथरता 'ट्रिल्ल' आवाज जुन्या गेममध्ये ऐकू येतो तो शोभेसाठी नव्हता, ती अडचण होती. १९८९ साली गेमबॉयसाठी ही मांडणी हिरोकाझू तनाका यांनी केली, आणि चार कंठांत केली.

भाच्याच्या गाण्यात मी मोजले, ०:५८ नंतर किमान अकरा थर आहेत. मला वाटतं लाल_मीटर यांच्या फेडरच्याही आधी एक प्रयोग सुचवावा : सगळं म्यूट कर आणि फक्त चार ठेव. चारांत गाणं उभं राहतं का बघ. एलएमएमएसमध्येच फ्रीबॉय नावाचं वाद्य आहे, गेमबॉयच्या आवाजाची नक्कल करणारं. वेगळं काही डाउनलोड करायला नको.

लाल_मीटर (११:२०)

हे माझ्या सूचनेपेक्षा बरं आहे. अकरांचे फेडर जुळवण्यापेक्षा चारांचे जुळवणं सोपं, आणि शिकायला तेवढंच मिळतं. माझं मत बदललं.

सदाशिव_३० (दुपारी १:०२)

इतका खटाटोप कशासाठी? रिमिक्स म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं. मुलाला स्वतःचं काहीतरी करायला सांगा.

वैदेही_डब्लिन (१:२५)

सदाशिव, कुणाचं ताट? ही धून रशियन लोकगीताची आहे, 'कोरोबेइनिकी', म्हणजे फेरीवाले. शब्द निकोलाय नेक्रासोव यांच्या १८६१ सालच्या कवितेतले. ती लोकांनी गायली, मग सव्वाशे वर्षांनी जपानमध्ये एका खेळात गेली, आणि १९९२ मध्ये डॉक्टर स्पिन या नावाने तिचं नाचाचं गाणं होऊन ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकावर पोचलं. साताऱ्याचा मुलगा त्याच रांगेतला पुढचा.

ठेका_दादरा (१:५०)

शिवाय कुणीतरी केलेल्या बंदिशीवर हात बसवल्याशिवाय स्वतःचं सुचत नाही. कायदे, रेले, तुकडे, सगळे आधी गुरूंचे. पाचशे वेळा वाजवल्यावर सहाव्या वर्षी कधीतरी एक पलटा आपला निघतो.

सदाशिव_३० (२:१५)

तबल्याचं उदाहरण मान्य. माझा शब्द जरा कडक गेला. गाणं ऐकलं नव्हतं, आता ऐकलं. १:३८ चा आवाज काय आहे?

अर्धा_कटिंग (२:१८)

सुतारकाम.

गावठी_गेमर (२:२०)

शटर ओढल्याचा?

पेटीवाला_आजरा (२:२४)

मला तर कुणीतरी पाटावर लाटणं ठेवल्यासारखा वाटला.

चार_कंठ (२:४०)

काहीही असो, मला तो चुकीने आलेला वाटत नाही. चारही वेळा बरोबर चौथ्या मात्रेवर आहे. चुकून राहिलेला सॅम्पल चौथ्या मात्रेवर चारदा पडत नाही. आणि पूर्ण गाण्यात फक्त तोच आवाज कोरडा आहे, घरातला वाटतो. बाकी सगळं संगणकातलं.

लाल_मीटर (२:४८)

परत ऐकलं. खरं आहे, ठेवून दिलेला आहे. मी 'काढून टाका' म्हटलं ते घाईत होतं. ताई, त्याला विचारा.

नीरेकाठी (रात्री १०:३०)

आत्ताच बोलले त्याच्याशी. पाऊण तास. जसं झालं तसं लिहिते.

आधी ०:४४ चं सांगितलं, आणि तुमच्यातल्या एकाने चहाचा कप खाली ठेवला तेही. तो गप्प झाला. मग म्हणाला, 'कोण?' मी म्हटलं, तुला न ओळखणारे एक गृहस्थ. तेव्हा पहिल्यांदा हसला.

मग १:३८ विचारलं. म्हणाला, 'तुला ऐकू आलं?' इतका खूश झाला की मला वाईटच वाटलं, कारण मी ते चुकांच्या यादीत लिहिलं होतं. तो कॅरम आहे. आजोबांचा, पडवीतला मोठा बोर्ड. स्ट्रायकर सोंगटीवर आपटल्याचा आवाज त्याने फोनवर रेकॉर्ड केला. टेट्रिसमध्ये चार ओळी एकदम जातात ना, त्यासाठी चार टक्. म्हणे रेकॉर्ड करायला दुपारी सगळे झोपल्यावर बसलो, तेरा वेळा करावं लागलं, कारण दर वेळी मधेच पंखा ऐकू यायचा. शेवटी पंखा बंद करून घामाघूम होऊन केलं.

मग मी विचारलं, तुला स्वतःला कुठे खटकतं? आणि त्यानेच सांगितलं, '०:५८ ला घाण होते. पण कमी केलं की पोकळ वाटतं, म्हणून परत वाढवलं.' म्हणजे त्याला कळत होतं. करायचं काय ते माहीत नव्हतं. मी चार थरांचं सांगितलं आणि दुसरं काहीच सांगितलं नाही. म ध सां जिभेवर आलं होतं, पण ठेका_दादरांचं आठवून गिळलं.

फोन ठेवताना त्याने विचारलं, 'अजून काय काय आहे यादीत?' मी म्हटलं, आहे. पुढच्या वेळी.

ठेका_दादरा (१०:४१)

गिळलंत ते फार चांगलं केलंत.

सी_मायनर (१०:४६)

कॅरम! चार ओळींसाठी चार टक्. हे कुणी शिकवून येत नाही.

कोयनेचा_पाऊस (१०:५०)

क्वीन कव्हर झाली का पण?

मोगरा_आणि_मफलर (११:१०)

'तुला स्वतःला कुठे खटकतं' हा प्रश्न मी आता माझ्या चित्रकलेच्या वर्गात वापरणार आहे. मी नेहमी आधी बोलते आणि मग विचारते. उलट करायला हवं.

टक्_टक्_सातारा (शनिवार, दुपारी ४:०५)

नमस्कार. मी भाचा. मावशीने धागा दाखवला. सगळं वाचलं, दोनदा. आधी जरा पोटात गोळा आला, मग ते तंबोऱ्याचं भांडण वाचून बरं वाटलं.

चार थर करून पाहिलं. फ्रीबॉयवर दोन, खर्ज एक, ढोल एक. पहिल्यांदा अगदी रिकामं वाटलं आणि रडू आलं असतं. मग रात्री परत ऐकलं तेव्हा रिकामं नाही वाटलं. फाटत नाही आता. टेम्पो १५० केला, १४० खरंच आपोआप होता, मला माहीतच नव्हतं बदलतो ते.

म ध सां मला माहीत होतं, पण ते वाजवायला गेलो की उंच सूर कर्कश लागायचा म्हणून काढून टाकलं होतं. आता घालायचंय. आणि लाल_मीटर काका, साइडचेन एलएमएमएसमध्ये कुठे असतं? सगळीकडे शोधलं, त्या नावाचं बटणच नाही.

लाल_मीटर (४:३०)

ये ये.

त्या नावाचं बटण नाही, बरोबर. किकच्या चॅनेलवर पीक कंट्रोलर नावाचा इफेक्ट टाक. मग खर्जाच्या व्हॉल्यूमच्या खुंटीवर उजवं क्लिक करून ती खुंटी त्या कंट्रोलरला जोड. बेस पूर्ण वर ठेव आणि अमाउंट उणे कर. किक आली की खर्ज खाली जाईल, गेली की वर येईल. अमाउंट थोडंच उणे कर, खर्ज दम लागल्यासारखा वाजायला लागला की फार झालं समज.

पण आत्ता करू नकोस. चारच थर असतील तर कदाचित लागणारही नाही. खर्ज एक सप्तक वर घेऊन बघ आधी, ५५ च्या ऐवजी ११०. फोनच्या स्पीकरवर ५५ ऐकूच येत नाही, ११० ची निदान चाहूल लागते. तुझे मित्र फोनवरच ऐकणार.

आणि उंच सूर कर्कश लागतो तो आवाजाच्या जातीमुळे. फ्रीबॉयमध्ये पल्सची रुंदी बदलता येते. साडेबारा टक्क्यांची पातळ आणि टोचणारी, पन्नासची गोल. म ध सां ला पन्नास लावून बघ.

पेटीवाला_आजरा (५:०२)

आणि तार षड्जावर क्षणभर थांब रे बाळा. धावत जाऊन धावत येऊ नकोस.

टक्_टक्_सातारा (रविवार, रात्री ८:५०)

दुसरी आवृत्ती, लिंक वरचीच. म ध सां २:०४ ला आहे. पन्नास टक्के लावलं, टोचत नाही. सां वर एक मात्रा थांबलो आहे. खर्ज ११० केला, साइडचेन लागलं नाही. ए तसाच धरून ठेवला, सी_मायनर दादा सॉरी.

सी_मायनर (९:०५)

सॉरी कशाला. २:०४ च्या आधी मुद्दाम ऐकलं. तार षड्जाकडे जाताना खाली ए स्थिर असल्यामुळे ती उडी जास्त उंच वाटते. मी पेटीवाल्यांच्या बाजूने आलो.

अर्धा_कटिंग (९:११)

२:०४. कप परत खाली.

लाल_मीटर (९:३२)

जुन्या आवृत्तीच्या मिनिट-सेकंदांसकट : ०:५८ ची जागा स्वच्छ. १:३८ चे टक् आता धुनेच्या वर येतात, छान. फक्त चारही अगदी एकसारखे आहेत, एकच रेकॉर्डिंग चारदा चिकटवल्यासारखे. तेरा वेळा रेकॉर्ड केलं होतंस ना? त्यातले चार वेगवेगळे घे.

टक्_टक्_सातारा (९:४०)

बाकीच्यांत पंखा आहे काका. उद्या दुपारी परत करतो. आजोबा म्हणतात या वेळी बोर्डावर पावडर टाकू नकोस, टक् जास्त सुका येईल.